कुंदाताई, तुला दिसायचं ते

कुंदाताई, तू गेलीस तेव्हा आपलं भांडण अर्ध्यावर होतं, आणि ते एकट्याने पुढे रेटणं मला जमत नाहीये. तेरावं झालं, पाहुणे पांगले, मी रोह्याजवळच्या अष्टमी गावातलं तुझं घर बंद करून पेणला परत आलो. तरी दाढी करताना, भाजी निवडताना, एसटी स्टँडवरून जाताना मी तुझ्याशी वाद घालत असतो. परवा सुमनने विचारलंच, "कुणाशी बोलताय हो?" मी म्हटलं, "कुणाशी नाही." बायकोला असलं उत्तर पुरत नाही. तिने चहाचा कप माझ्यापुढे सरकवला आणि वर बघत म्हणाली, "ताई, आता तरी सोडा यांना."

वाद तोच, जुना. गायकरचे वडील निडीच्या स्टेशनावर सापडले, ते तुला दिसलं म्हणून, की तुला ठाऊक होतं म्हणून?

तू माझी मावसबहीण, माझ्याहून बरीच मोठी. रोह्याच्या शाळेत चित्रकला शिकवलीस, लग्नाचा विषय कुणाला काढू दिला नाहीस, आणि पूल ओलांडून अष्टमीत दोन खोल्या घेऊन मजेत राहिलीस. लहानपणापासून तुला 'दिसायचं'. मामाच्या घरी जेवता जेवता तू हात थांबवायचीस आणि म्हणायचीस, "कुणीतरी ओल्या कपड्यांनी दारात उभं हाय." दारात कुणी नसायचं. पण दोन-चार दिवसांत कोणीतरी भिजून यायचंच, कोकणात त्याला काय तोटा, आणि सगळे म्हणायचे, कुंदाला आधीच दिसलं होतं. तुझी आई मात्र पाठीत धपाटा घालायची. मोठी झाल्यावर तू ते सांगायचं सोडलंस आणि कागदावर काढायला लागलीस. पेन्सिलीने, भराभर, मान खाली घालून.

मी पोलिसात गेलो आणि तिथेही गोपनीय कामाला लागलो. किनाऱ्याच्या जिल्ह्यात हे काम जिकिरीचं. कुठे नवा माणूस आला, कुठल्या होडीने वेळ सोडून फेरी मारली, कोण काय बोलतंय, हे ऐकायचं, पडताळायचं आणि वर कळवायचं. ऐकायला शंभर माणसं मिळतात, पडताळणं हेच खरं काम. तू मला चिडवायचीस, "विनू, तुझा धंदा आणि माझा धंदा एकच. दोघंही न बघितलेलं सांगतो."

गायकर आमच्याच कार्यालयातला हवालदार, तुझ्या गल्लीत भाड्याने राहायचा. त्याचे वडील विसरभोळे झालेले. एका दुपारी ते घरातून निघाले ते आलेच नाहीत. गायकरची बायको रडत घरोघर विचारत फिरत होती, ती तुझ्याकडेही आली. तू तिला पाणी दिलंस, बसवलंस, आणि बोलता बोलता तुझा हात थांबला. मग कागद घेतलास. लांबट बाक, वर पत्रा, मागे एक झाड, आणि बाकावर पाय वर घेऊन बसलेला माणूस. गायकरने तो कागद बघितला, हे तर निडीचं स्टेशन म्हणत मोटरसायकल काढली, आणि अंधार पडायच्या आत म्हातारबांना घेऊन आला. निडीच्या फलाटावर, बाकावर, पाय वर घेऊन बसले होते.

मी दुसऱ्या दिवशी आलो आणि तुझा आनंद नासवला. म्हटलं, "ताई, ते रेल्वेत गँगमन होते. असा माणूस हरवला तर कुठे सापडणार? रुळाच्या कडेला."

"मला कुठं ठाऊक ते रेल्वेत होते?"

"गायकरच्या बायकोने सांगितलं असेल, रडता रडता."

"नाय सांगितलं."

"तुझ्या लक्षात नसेल."

"विनू," तू म्हणालीस, "म्हातारा जिवंत घरी आला. तुला त्याचा आनंद नाय, मला कसं कळलं त्याचा त्रास हाय."

ते खरं होतं. अजून आहे. तुझ्या दहाव्याला गायकर आला तेव्हा मी त्याला बाजूला घेऊन विचारलं. तो बिचारा तुझ्यासाठी रडत होता. म्हणाला, "सांगितलं असंल साहेब. नाय तर नसंल बी. कोनाला आठवतंय?" म्हणजे आता ते कुणालाच कळायचं नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, बरं झालं.

निडीची गोष्ट आमच्या कार्यालयात पसरली आणि आमच्या साहेबांच्या कानावर गेली. त्यांचं नाव मी इथे घेत नाही. ताई, तुला ते आवडायचे नाहीत, पण माणूस वाईट नव्हता. त्याला भीती वाटायची. समुद्राच्या वाटेने काही आत आलं आणि आपल्याला कळलं नाही, तर माणसं मरतील आणि जन्मभर आपण तोंड लपवत फिरू, ही भीती मी त्यांच्या डोळ्यांत पाहिली आहे. अशा माणसाला कुणी सांगितलं की अमुक बाईंना न जाता दिसतं, तर तो विचारणारच.

सुरुवातीला त्यांनी एक चोरलेला डंपर विचारला. तू काहीतरी काढलंस. डंपर भलतीकडेच मिळाला, पण तिथे तुझ्या चित्रातल्यासारखी भिंत होती म्हणे. भिंत कुठे नसते? मी हे म्हटलं तर साहेब म्हणाले, "तुमचे खबरी तरी कुठे शंभर टक्के खरं सांगतात? दहातली आठ खोटी निघतात. मग या बाईंचं ऐकायला काय हरकत आहे?"

तूही तेच म्हणालीस. "तुझे खबरी पैशासाठी खोटं बोलतात. मी तर खोटं बोलत नाय."

मी फटकन म्हणालो, "म्हणूनच भीती वाटते. खबऱ्याला मी विचारू शकतो, तुला कसं कळलं, कोण होतं तिथे, किती वाजले होते. खोटं असलं की तो कुठेतरी अडकतो. तू मनापासून खरं बोलणार आणि चुकणार. तुला कुठे पकडायचं?"

तू आमसुलाचं सार गरम करायला उठलीस. त्या दिवशी जेवण झाल्यावरही आपण नीट बोललो नाही.

मग ती खबर आली. खाडीतून काहीतरी उतरणार आहे, एवढंच. कुठे, कधी, काय, काही नाही. अशा खबरा येतात, बऱ्याच हवेत विरतात, हीसुद्धा पुढे विरली. पण तेव्हा ते माहीत नव्हतं. साहेबांनी मला न सांगता गाडी तुझ्याकडे पाठवली. तू एक घर काढून दिलंस. हिरवं दार, बाहेरून वर जाणारा जिना, अंगणात फणस, पलीकडे पाणी, आणि दारात एक तरुण.

रोह्याच्या खाली, खाडीकाठच्या एका गावात असं घर सापडलं. हमीदाबींचं. त्यांचा मुलगा समीर आखातात एसी दुरुस्तीच्या कामावर होता, सुट्टीवर आलेला. मित्रांबरोबर तो संध्याकाळी होडीने मासे धरायला जायचा. झालं. घर जुळलं, तरुण जुळला, होडी जुळली. समीरला रोज चौकशीला बोलावणं सुरू झालं. मारहाण झाली नाही, मी खात्री केली होती. पण सकाळी यायचं, बाकावर बसायचं, संध्याकाळी जायचं. पासपोर्ट 'बघायला' म्हणून ठेवून घेतला होता आणि त्याची सुट्टी संपत आली होती. मी साहेबांना दोनदा म्हटलं, याच्याविरुद्ध कागदावर काहीच नाही. ते म्हणाले, "कागदावर आहे. चित्र आहे."

तुला हे कसं कळलं ते तू मला सांगितलंस तेव्हा तुझा आवाज ओळखू येत नव्हता. तू बाजारातून परत येत होतीस. पुलावर एक बाई समोर आली आणि थांबली. "कुंदाबाई ना तुम्ही? आमच्या नसरीनच्या बाई?" हमीदाबीच त्या. नसरीन समीरची थोरली बहीण, तुझी विद्यार्थिनी, चांगली चित्रं काढायची. तिच्या बापाने शाळा सोडवायचं ठरवलं होतं तेव्हा तू त्यांच्या घरी जाऊन त्याला समजावलं होतंस. हमीदाबी म्हणाल्या, "बाई, पोराला रोज बोलवतात. आमी काय केलं नाय. कोनीतरी आमच्या घराचं चित्र काढून दिलंय म्हनं त्यांना. सांगा, आमचं असं कोन वैरी हाय?"

तू तिथे काही बोलली नाहीस. मिळेल ती एसटी धरून तू पेणला आलीस. घामाने भिजली होतीस. सुमनने पुढे केलेलं पाणी घेतलं नाहीस.

"ते घर मी बघितलंय, विनू. आत गेलेय. त्या जिन्याखाली बसून नारळाच्या दुधातल्या शेवया खाल्ल्यात."

"म्हणजे तुला दिसलं नाही. आठवलं."

"तेच तर." तू माझ्याकडे बघितलंस. "मला दोन्हीतला फरक कळत नाय. आतून दोन्ही सारखंच लागतं."

मी पोलिसात एवढी वर्षं काढली, ताई. माणसं चुका कबूल करताना खूप पाहिली, बहुतेकांच्या मागे कुणीतरी उभं असतं म्हणून ती कबूल करतात. तुझ्या मागे कुणी नव्हतं. तू गप्प बसली असतीस तर ते चित्र कुणाचं हे हमीदाबींना जन्मात कळलं नसतं.

दुसऱ्या दिवशी आपण दोघं साहेबांसमोर बसलो. तू सगळं सांगितलंस. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, तुम्हाला वाईट वाटतंय, मी समजू शकतो. पण हजार घरं तुम्ही पाहिली असतील. त्यातलं हेच का आलं? आणि निडीचं काय? तिथे तर तुम्ही गेला नव्हतात."

तेव्हा तू म्हणालीस, "मग माझी परीक्षा घ्या."

मी तुझ्याकडे बघतच राहिलो.

"नीट घ्या. मला कळणार नाय, याला कळणार नाय, अशी. पास झाले तर तुम्ही म्हणाल ते करीन. नापास झाले तर पोराचा पासपोर्ट द्यायचा. त्याच दिवशी."

साहेबांना ते आवडलं. त्यांची खात्री होती ना. मला एक गोष्ट आत्तासुद्धा टोचते. तुझीही अर्धी खात्री होती. समीर सुटावा असं तुला मनापासून वाटत होतं, आणि नापास व्हायचं तुला मुळीच नव्हतं. ही दोन्ही एका वेळी पोटात घेऊन तू तो आठवडा कसा काढलास, ते मी कधी विचारलं नाही.

पेणचे मुळे सर, माझे जुने मित्र, कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे. परीक्षा त्यांनी आखली. त्यांनी सहा जागा ठरवल्या, तुला-मला न सांगता. निडी वगळली, स्टेशनं सगळीच वगळली. रोज सकाळी ते चिठ्ठी उचलायचे, निघेल त्या जागी जाऊन अर्धा तास नुसते बघत उभे राहायचे, फोन बंद ठेवून. त्याच वेळी अष्टमीत तू कागद घेऊन बसायचीस आणि सर जिथे असतील तिथलं दिसेल ते काढायचीस. मी तुझ्यासमोर, पण सर कुठे आहेत हे मलाही ठाऊक नव्हतं. सर म्हणाले होते, "विनायक, तुला माहीत असलं तर तुझ्या भुवया तिला सांगतील."

ताई, त्या सकाळी मला विसरता येत नाहीत. तू अंघोळ करून, केस बांधून बसायचीस, शाळेत जायची तशी. डोळे मिटायचीस. बाहेर पुलावरून गाड्यांचा आवाज येत राहायचा. मग पेन्सिल चालायची. कधी मधेच थांबून म्हणायचीस, "काहीतरी गोल गोल हाय रे. एकाला लागून एक. पांढरं." कधी, "उभे खांब. वर काहीतरी आडवं. वास येतोय कसला तरी." एका दिवशी काहीच आलं नाही. तू कोरा कागद धरून बसलीस आणि तुझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, "राहू दे." तू म्हणालीस, "गप बस. परीक्षेत बोलायचं नाय." आणि शेवटच्या पाच मिनिटांत एक उतरण आणि पाणी काढलंस.

सहा चित्रं झाली. मग मी सरांच्या मागे लागलो, कुठे गेला होतात ते सांगा. ते म्हणाले, "चित्रं फोटोंशी जुळवणारा तू नाहीस, तेव्हा तू बघितलंस तर बिघडत नाही. पण मग निकालापर्यंत ताईकडे फिरकायचं नाही."

त्यांनी त्या सहा जागांचे फोटो मांडले आणि एकेकाखाली त्या त्या दिवसाचं तुझं चित्र ठेवलं. माझ्या अंगावर काटा आला, ताई. गोल, पांढरं, एकाला लागून एक: गणपतीचा कारखाना, रंग न दिलेल्या मूर्तींची पोटं ओळीने. उभे खांब, वर आडवं, वास: हायवेवरचा पेट्रोल पंप. उतरण आणि पाणी: नागोठण्याचा दगडी पूल. सगळं जुळत होतं. मी सरांकडे बघितलं. ते शांतपणे सुपारी कातरत होते. म्हणाले, "आता गप्प राहा."

ते दोन दिवस मी वेड्यासारखा होतो. माझा तुझ्यावर पुरा विश्वास बसला होता. हे मी तुला कधी सांगितलं नाही. आधी सरांनी मना केलं होतं म्हणून, आणि नंतर सांगून काय उपयोग होता? मी, ज्याने आयुष्यभर तुझी टर उडवली, तो मी सुमनला म्हणालो, "ताईला खरंच दिसतं. आपण काय माणूस घरात बाळगून होतो, आपल्याला कळलंच नाही." आणि लगेच समीरचा चेहरा डोळ्यांपुढे आला. तुझं खरं असेल, तर तो?

जुळवायचं साहेबांनी. ही मुळे सरांचीच कल्पना. "ज्याचा विश्वास आहे त्यालाच बसवू. मग पंचाने पक्षपात केला असं कोणी म्हणणार नाही." साहेबांच्या टेबलावर एका बाजूला सहा फोटो, एका बाजूला तुझी सहा चित्रं, दोन्ही पिसलेली. मला त्यांच्या पाठीमागे बसवलं होतं, माझा चेहरा दिसू नये म्हणून. तू कोपऱ्यातल्या खुर्चीवर, पदर खांद्यावर घट्ट धरून.

साहेबांनी पहिलं चित्र उचललं, गोल गोल, पांढरं. हसले. "हे तर सरळ आहे," म्हणाले आणि मिठागराच्या फोटोवर ठेवलं. मी चमकून बघितलं. मिठाचे ढीग, पांढरे, गोल, एकाला लागून एक. कारखान्यापेक्षाही जास्त जुळत होतं. खांब आणि आडवं त्यांनी पेणच्या एसटी स्टँडवर ठेवलं. उतरण आणि पाणी एमआयडीसीतल्या पाण्याच्या टाकीच्या फोटोवर. प्रत्येक वेळी ते मान डोलवायचे, "वा," म्हणायचे. आणि खोटं सांगत नाही, ताई, प्रत्येक वेळी मलाही ते पटायचं. माझ्या अंगावर आलेला तो काटा आता लाज होऊन उतरत होता. पेणपासून रोह्यापर्यंत पाणी, खांब आणि उतरण कुठे नाही?

सरांनी खऱ्या जोड्यांचा कागद उघडून वाचला. एक जुळलं होतं.

"एक तरी जुळलं," साहेब म्हणाले.

"डोळे मिटून मांडले असते तरी साधारण एक जुळतंच," सर म्हणाले.

साहेब चिडले. "बाईंवर दडपण आलं असेल. असल्या गोष्टी परीक्षेत येत नाहीत. पुन्हा घेऊ."

तू उठलीस. मला वाटलं तुझा तोल जाईल, मी अर्धा उठलो. पण तू टेबलापाशी आलीस आणि आपली चित्रं गोळा करायला लागलीस, वर्गात करायचीस तशी, कडा जुळवून.

"साहेब, मी आयुष्यभर मुलांची चित्रं तपासली. मूल लाडकं असलं की कुत्र्याचाही घोडा दिसतो. नापास ते नापास. आता त्या पोराचा पासपोर्ट द्या."

"बाई, तुम्हाला कळतंय का, उद्या खरंच काही झालं तर—"

"तर ते माझ्या चित्राने थांबणार नव्हतं. ज्यांनी थांबणार हाय त्यांना कामाला लावा. माझ्या नादी लागून यांना बसवून ठेवलंय तुम्ही." तू माझ्याकडे बोट दाखवलंस.

पासपोर्ट त्याच दिवशी मिळाला. पण सुट्टी संपून गेली होती, तिकडच्या मालकाने दुसरा माणूस घेतला होता. समीर गेलाच नाही परत. त्याने पुढे रोह्यात एसी-फ्रिज दुरुस्तीचं दुकान टाकलं, बरं चालतं. तू समाधान मानायचीस का त्यात, मला माहीत नाही. मी मानू का, तेही कळत नाही. तो रस्त्यात भेटला की मला ओळख देत नाही. त्याचं चूक नाही.

तू त्यांच्या घरी जाणार म्हणालीस तेव्हा मी नको म्हटलं. प्रकरण मिटलंय, कशाला उकरतेस? तू म्हणालीस, "त्या बाईने मला विचारलं, आमचं वैरी कोन. उत्तर राहिलंय माझ्याकडे." मी बरोबर आलो. हमीदाबींनी हिरवं दार उघडलं, तुला आत घेतलं, जिन्याखाली बसवलं. तू सांगितलंस की ते चित्र तू काढलंस. कारण दिलं नाहीस, रडली नाहीस. त्या आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आल्या.

"पानी घ्या, बाई. घरात आलाव तर पानी घ्या. पन माफी नका मागू. माझ्याकडं द्यायला नाय अजून."

तू पाणी प्यालीस. परत येताना गाडीत एवढंच म्हणालीस, "अजून म्हणाली ती. ऐकलंस ना?"

त्यानंतर तू कधी चित्र काढून कुणाला दिलं नाहीस. गल्लीतल्या बायका हरवलेली अंगठी विचारायला आल्या की सांगायचीस, "माझं बंद झालं, गो." मीही तसंच समजलो. मला हायसं वाटलं. आणि खरं सांगू? थोडं ओकंओकं पण वाटलं. रविवारी तुझ्याकडे जेवायला यायचो, तू मान खाली घालून भाजी निवडत असायचीस, आणि कधी कधी तुझा हात थांबायचा. मी बघायचो. तू लगेच पुढची शेंग उचलायचीस. आपण दोघांनीही त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही. निडीवर मात्र भांडायचो, दर वेळी, नव्याने.

हॉस्पिटलात तू शुद्धीवर असायचीस ते दिवस. एका सकाळी मी उशाशी बसलो होतो. तू डोळे उघडलेस, छताकडे बघितलंस आणि म्हणालीस, "विनू, मगाशी दिसलं काहीतरी."

"काय गं?"

तू हसलीस. ओठ कोरडे पडले होते तुझे. "नाय सांगणार. तू तपासशील."

मीही हसलो. मग तुला झोप लागली. मी तिथेच बसून राहिलो आणि हळूहळू डोक्यात उजाडलं, की बंद काहीच झालं नव्हतं. तुला इतकी वर्षं दिसतच होतं. तू फक्त आमच्यापुरतं मिटून घेतलं होतंस. मग एवढं सगळं तू ठेवलंस कुठे? मी ठरवलं, जागी झालीस की विचारायचं. त्यानंतर तू बोलण्याइतकी जागी झालीच नाहीस.

तेराव्याला पंगत उठल्यावर मी ओटीवर बसलो होतो, तेव्हा हमीदाबी आल्या. आता खूप थकल्यात, सुनेच्या हाताला धरून आल्या. तुझ्या फोटोसमोर थोडा वेळ उभ्या राहिल्या, मग माझ्याजवळ बसल्या. मी म्हटलं, "ताई यायची का तुमच्याकडे? नंतर?"

"यायची तर. दर म्हैन्याला यायची. मी कांदा कापायची, ती लसून सोलायची." त्यांनी डोळ्याला पदर लावला. "काय काय दिसायचं रे तिला. सगळं सांगायची मला. येवढं पोटात घेऊन कुठं जाईल ती? मी आयकून घ्यायची."

मी विचारलं, "खरं निघायचं का ते?"

"ते मी कशाला बघू?" त्या म्हणाल्या. "ती सांगायची, मी आयकायची."

"काय सांगायची?"

हमीदाबींनी माझ्याकडे नीट निरखून बघितलं, पहिल्यांदाच. मग सुनेचा हात धरून उठल्या, चपला पायात सरकवल्या.

"ते तुला नाय सांगायचं, बाबा," त्या म्हणाल्या. "पोलिसाला नाय."